ट्रंकेमागचे नारळ

ये गं, जवळ ये जरा. पुण्यात बसलीस तरी मनानं थोडी इकडे सरक, आणि आधी दोन बोलणी खा. महिना-महिना मावशीची आठवण येत नाही, आणि परवा फोन केलास तो काय, तर "मावशी, झालं का गं तिचं ऑपरेशन?" बस, एवढंच. मी हो म्हणू की नाही म्हणू यातच अडकले, तोवर तू "बरं, मीटिंग आहे" म्हणून ठेवूनही दिलास. अशी काय विचारायची रीत असते? हे काय हो-नाहीत उरकायचं आहे? मलाच अजून धड समजून नाही राहिलं, तर तुला दोन मिनिटांत काय सांगू? म्हणून लिहूनच काढते. शाळा माझी सातवीला सुटली, पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आलेलं. तेव्हा जसं बोलते तसंच लिहीन, हसू नको.

तर ती, म्हणजे आमची धाकटी सून. माझ्या दिराच्या मुलाची बायको. तू लग्नाला आली नव्हतीस, हेही माझ्या लक्षात आहे. इथं नर्मदेकडच्या रांझीत आमची दोन घरं एकाच आवारात, मधे एक भिंत आणि भिंतीत एक दार, ते कधी लागत नाही. पुतण्या कारखान्यात आहे, शिफ्टप्रमाणे येतो-जातो. ती सिहोऱ्याकडची, हिंदी घरातली. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणंही नाही. शाळेत कोणी घातलंच नाही तिला. हातांनी बोलते ते तिचं आणि तिच्या आईचं घरच्या घरी तयार केलेलं बोलणं. त्यातलं थोडं आम्ही उचललं, थोडं आमचं तिनं उचललं.

पण हुशार बरं का. मशीनवर ब्लाउज असे शिवते की आमच्या ओळीतल्या सगळ्या बाया तिच्याकडेच. माप घेता घेता गाल फुगवून दाखवते, म्हणजे बाईंनी समजून घ्यायचं की वजन वाढलंय. मुलगी झाली तेव्हा सगळ्यांना घोर, की पोर रडलं तर हिला कळणार कसं. हिनं पाळण्याची दोरी आपल्या मनगटाला बांधली. पोर हललं की ही उठून बसायची. माझ्या जावेच्या घोरण्यानं आम्ही सगळे जागे, ही एकटीच निवांत.

आता पोरगी तीन वर्षांची होईल. कान चांगले आहेत तिचे, तोंड तर त्याहून चांगलं. घंटी वाजली की आईचा पदर ओढते.

गेल्या पावसाळ्यात तिची पाळी लांबली. जाऊ देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. म्हणजे तिची सासू. जाऊ काही वाईट बाई नाही, तुला माहीतच आहे, पण भीती तिच्या कायम पदरात बांधलेली. "वहिनी, दुसरं झालं आणि तेही हिच्यासारखंच निघालं, तर? पहिल्यांदा देवानं वाचवलं. दरवेळी वाचवतो काय?"

मी म्हटलं, "अगं, हिच्यासारखं निघालं तर ब्लाउज शिवेल. तुझ्यासारखं निघालं तर काय करायचं ते सांग."

तिला हसू आलं नाही. मलाही नंतर वाटलं, आपण बोललो खरं, पण काळजी काय फक्त तिलाच होती?

तिघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण तरुण, बोलायला गोड. तपासलं, काही नव्हतं, आपोआप लांबली होती. जावेनं तिथंच देवाला हात जोडले आणि जोडलेल्या हातांनीच म्हणाली, "तो मैडम, अब ऑपरेशन ही कर दीजिए. एक लड़की है, बहुत है."

डॉक्टरीण धाकटीकडे वळली. ते बघ मला आवडलं. तिच्या तोंडाकडे पाहून सावकाश, मोठ्ठं तोंड करून म्हणाली, "आपको करवाना है? ऑपरेशन?"

तिनं मान हलवली. हो.

"ठीक है," डॉक्टरीण म्हणाली, "अगले हफ्ते आ जाइए."

झालं. जाऊ उठली, पर्स काखेत मारली. आणि मला मात्र उठवेना. कारण ती मान मी ओळखत होते गं. भाजीवाला दर सांगतो तेव्हा ती तीच मान हलवते. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईसमोर हलवते. कोणी तोंड हलवलं की ही मान हलवते. ती मान म्हणजे, मी बघून राहिले, तुम्ही बोला. पुढचं तिच्यात काही नाही. निदान मला तसं वाटायचं. तेव्हाही खात्री नव्हती.

मी म्हटलं, "बेटा, एक मिनट." आणि धाकटीसमोर खुर्ची ओढून, डॉक्टरणीसारखंच मोठ्ठं तोंड करून, तसाच प्रश्नाचा चेहरा करून विचारलं, "ही तुझी सासू. हिला बाजारात नेऊन विकायची का?"

तिनं मान हलवली. हो.

"सस्ते में?"

हो.

"अगं बाई!" जाऊ किंचाळली, "वहिनी, दवाखान्यात आणून मला विकायला निघाल्या काय तुम्ही?"

नर्स तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. डॉक्टरीणही हसली, आणि हसता हसता थांबली. पेन खाली ठेवलं. "फिर तो इन्होंने मुझे भी हाँ नहीं कहा," ती म्हणाली. "आंटी, ऐसे तो मैं नहीं कर सकती. हमेशा के लिए बंद हो जाता है. इन्हें समझना पड़ेगा, और इन्हें ही बताना पड़ेगा. आप समझाइए, फिर लाइए."

आप समझाइए! म्हणजे माझ्या गळ्यात. नको तिथं तोंड उघडलं की असंच होतं.

आता तूच सांग, तू तर एवढी शिकलेली. 'कायमचं' हे हातांनी कसं दाखवशील? 'सध्यापुरतं' कसं दाखवशील? भूक दाखवता येते, झोप दाखवता येते, सासू तर फारच सोपी. पण 'कायमचं'? मी दोन दिवस तोच विचार करून राहिले. तुझे काका म्हणाले, "कुलूप दाखव." मला पटलं. मी आमच्या कोठीचं जुनं कुलूप आणलं. तिच्या पोटाकडे बोट केलं, कुलूप लावलं, आणि किल्ली खिडकीतून बाहेर फेकली. म्हणजे हे कायमचं. मग पुन्हा पोटाकडे बोट, कुलूप लावलं, आणि किल्ली पदराला बांधली, म्हणजे हे सध्यापुरतं.

तिनं सगळं नीट पाहिलं. मान हलवली. मग बाहेर गेली, तुळशीमागून किल्ली शोधून आणली, शिलाई मशीनचं तेल आणून कुलपात सोडलं, चार वेळा उघड-बंद करून माझ्या हातात दिलं. आणि माझ्या गालावरून हात फिरवला, की म्हातारीला कुलूप जड जात होतं बिचारीला.

काका पोट धरून हसले. मला रडू यायचं बाकी होतं.

बाहुली आणली, पाळणा दाखवला, दिवा विझवून दाखवला. दिवा विझवल्यावर तिनं जाऊन फ्यूज तपासला. पुतण्याला विचारलं, "बाबा, तू तरी समजाव, तुझी बायको आहे." तो कानापर्यंत लाल झाला. "काकू, ते आई आणि तुम्ही बघा ना. मला काय कळतं त्यातलं." आता याला काय म्हणायचं? मग म्हटलं, त्याला तरी कोणी काय सांगितलं असेल.

जाऊ रोज विचारायची, "समजलं का तिला?" मी म्हणायची, "मलाच समजून नाही राहिलं, तिला काय समजवू?"

अशात महालक्ष्म्या आल्या. गौरी म्हणता तुम्ही तिकडे. मुखवट्यांची ट्रंक धाकटीच्या खोलीत, तिच्या पलंगाखाली असते. ती अंगणात आंब्याची पानं धूत होती, म्हणून मीच वाकून ट्रंक ओढली. ओढली तशी मागून काहीतरी गडगडत आलं आणि माझ्या पायाशी थांबलं. नारळ. खणात गुंडाळलेला. मी आणखी वाकून पाहिलं तर मागे नारळच नारळ. एकेक आपापल्या खणात, लेकराला दुपटं गुंडाळावं तसे, गाठ मारून ठेवलेले. कुंकू वाळून काळं पडलेलं. एक हलवला तर आत खुळखुळ.

ओटीचे नारळ होते ते. मी ओळखले ना, दोन खण तर मीच आणलेले. संक्रांतीला, चैत्रात, कोणाकडे जेवायला गेली तर, सवाष्ण म्हणून तिची ओटी भरली जायची. आपल्याकडे ओटीचा नारळ कोणाला देत नाहीत, जिचा तिनंच गोड करून खायचा. आणि हिनं पोरीच्या जन्मानंतरचा एकही फोडला नव्हता.

मला आधी वाटलं, हिला नारळ आवडत नसेल. मग वाटलं, माहेरी न्यायचे असतील. तेवढ्यात ती दारात येऊन उभी. हातातून पाणी गळून राहिलं, आणि चेहरा असा, की चोरी पकडली. तिनं दार लावलं. मी हातानं विचारलं, काय गं हे? काहून?

ती खाली बसली. एक नारळ उचलला आणि ओटीत घेतला, पदर पसरून, अगदी आम्ही देतो तसा. मग तो फोडल्यासारखं केलं, खाल्ल्यासारखं केलं, पोटावरून हात फिरवला, पोट मोठं होत गेल्याचं दाखवलं, आणि दोन्ही हातांचा पाळणा केला. बाहेर आपली पोर गडबड करत होती, तिच्याकडे बोट केलं. हा, म्हणजे पहिला नारळ खाल्ला, तर ही झाली.

मग ट्रंकेमागच्या नारळांकडे बोट केलं, आणि बोट हलवलं. नाही. नाही खाल्ले.

अगं, तिला हे सांगितलं कोणी? तर आम्हीच सगळ्यांनी. लग्नात ओटी भरली तेव्हा ओळीतल्या साऱ्या बायांनी हसून हसून तिला हेच दाखवलं होतं: नारळ, पोट, पाळणा. ओटी भरताना डोळे मिचकावून पोटाकडे बोट कोण करत नाही? दुसरी बाई असती तर घरी जाऊन बहिणीला विचारलं असतं, मैत्रिणीला विचारलं असतं, गुपचूप काही वाचलं असतं. हिला एवढंच सांगितलं गेलं होतं, आणि तिनं ते नीट लक्षात ठेवलं होतं. पोर नको तर नारळ खायचा नाही. पोर झाल्यापासून बिचारी आपल्या परीनं सांभाळत होती.

पण थांब, इथंच माझं डोकं फिरतं. नको होतं तर टाकून का नाही दिले? विहीर आहे, नाली आहे, भंगारवाला रोज येतो. मी फेकल्यासारखं करून दाखवलं. तर तिनं असा झटकन हात धरला माझा! सगळे नारळ परत गोळा केले, आणि तळहात माझ्यासमोर उभा धरला. थांब. मग हात लांब, दूरवर नेला, खिडकीबाहेर, पार समोरच्या सायकल स्टँडच्या पलीकडे. आणि परत तोच पाळणा.

मी काय समजले? मी समजले, आत्ता नको, पुढे कधीतरी. मी 'सध्यापुरतं' शोधायला कोठीचं कुलूप आणलं होतं, आणि तिच्याकडे ते पलंगाखाली होतं. पण खरंच तसंच म्हणाली का ती? की मला हवं तेच मी वाचलं? आणि खरंच तिला वाटायचं का, की नारळानंच पोर होतं? नवऱ्याबरोबर राहणारी बाई ती. की आमच्यासमोर सांगायला तिच्याजवळ तेवढीच एक खूण होती? माझ्या लग्नात मला तरी काय माहीत होतं? मी तर ऐकणारी-बोलणारी होते, आणि मला वर्षभर वाटायचं की अमावस्येला दिवस जायची काळजी नसते.

जावेला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "देवीच्या प्रसादाचे नारळ, आणि पलंगाखाली! म्हणून घरात कटकटी. चला, ग्वारीघाटला नेऊन नर्मदेत सोडू." मी म्हटलं, "नर्मदामाईला पोरं द्यायची आहेत काय? राहू दे. आधी डॉक्टरणीकडे चल."

या वेळी पुतण्यालाही ओढून नेलं. आत गेल्यावर मी समजवायला तोंड उघडणार, तर धाकटीनं आपली ब्लाउजची पिशवी उघडली, आणि त्यातून नारळ काढून डॉक्टरणीच्या टेबलावर ठेवला. खणासकट. मला माहीत नव्हतं तिनं आणला ते.

"ये क्या, प्रसाद?" डॉक्टरीण म्हणाली.

धाकटीनं तिला सगळं दाखवलं, मला दाखवलं होतं तसं. मी मधेमधे हिंदीत सांगत गेले, चूक की बरोबर देव जाणे. शेवटी तिनं नारळ पुन्हा पिशवीत घातला, चेन लावली, आणि वरून थोपटला.

डॉक्टरणीनं खुर्ची धाकटीजवळ ओढली. मग नर्सला म्हणाली, "ट्रे लाओ." ट्रेमधे सगळं होतं: गोळ्यांची पाकिटं, इंजेक्शन, तांबी, आणि ते पुरुषांचं. एक बाईच्या पोटाचा रबरी नमुनाही होता, हाताएवढा. धाकटीनं ते सगळं असं तपासलं जशी जत्रेत बांगड्या तपासते. नमुना उलटा करून पाहिला. डॉक्टरणीनं बोटानं दाखवलं, पोर कुठं राहतं, कसं राहतं, कुठून काय येतं. धाकटी नमुन्याकडे बघे, मग नवऱ्याकडे बघे. एकदा तर तिनं तोंडावर हात धरला आणि खांदे हलेपर्यंत हसली. कशाला, ते तिलाच माहीत. पुतण्या छताकडे पाहत होता.

मग तिनं तांबी उचलली. नमुन्यात घातली. आणि दोरा धरून बाहेर ओढली. डॉक्टरणीकडे पाहिलं, भुवया वर.

"हाँ, निकल जाएगी," डॉक्टरणीनं मान हलवली. "जब चाहें."

तिनं पुन्हा घातली, पुन्हा ओढली. पुन्हा. पुन्हा. नर्स कंटाळली, पण डॉक्टरीण दरवेळी मान हलवत राहिली. आणि मग धाकटीनं मान हलवली. अगं, ती मान वेगळी होती. एकदाच, खाली, आणि हनुवटी तिथंच थांबली. मी तिला इतकी वर्षं बघून राहिले, आणि ती मान मी पहिल्यांदा पाहिली.

जाऊ मधेच म्हणाली, "और ऑपरेशन?" डॉक्टरणीनं नमुन्यावर तेही दाखवलं, कात्रीसारखी बोटं करून, आणि मग दोरा ओढल्यासारखं करून हात रिकामे दाखवले. परत नाही होत. धाकटीनं ती बोटांची कात्री आपल्या हातानं धरली आणि डॉक्टरणीच्याच मांडीवर परत ठेवली. अगदी हळू. शेजारणीची वाटी परत करावी तशी.

पाळीच्या दिवसांत या, असं सांगून डॉक्टरणीनं पाठवलं. निघताना धाकटीनं ट्रेमधलं ते पुरुषांचं पाकीट उचललं आणि नवऱ्याच्या खिशात घातलं. तोवर हे, असं बहुतेक. तो तर दवाखान्याबाहेरही आमच्यासोबत चालेना.

बसमधे जाऊ माझ्या शेजारी बसली. मला वाटलं, आता भांडेल. रांझी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "वहिनी, माझं ऑपरेशन झालं ना, धाकट्याच्या वेळी, ते मला दुसऱ्या दिवशी समजलं. सासूबाईंनी बाहेरच सांगितलं होतं. मला तर बोलता येत होतं."

मी म्हटलं, "तुला हवं होतं का आणखी?"

"तेच तर," ती म्हणाली. "कोणी विचारलंच नाही, तर मीही कधी विचार केला नाही."

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात फिरून राहिलं आहे. मला वाटत होतं, ऐकू न येण्याचा हा प्रश्न आहे. आता वाटतं, तो कोणाच्या कानांचा प्रश्न आहे? मला समजत नाही गं, खरंच.

मग तांबी बसली, मीच सोबत गेले होते. दोन दिवस पोट दुखलं, मग बरी झाली. आणि दिवाळीच्या आधी एका सकाळी पाहते तर ती अंगणात दगडावर नारळ फोडत बसलेली. ठाक, ठाक. कुजलेले बाजूला काढले, वाळलेले किसले, आणि वड्या केल्या. आधी स्वतः खाल्ली, माझ्याकडे बघून. मग आम्हाला दिली. जावेच्या तोंडात तर तिनं स्वतः भरवली. आता नारळाची भीती गेली म्हणून? की दिवाळीत पलंगाखाली झाडायचं होतं म्हणून? वास यायला लागला होता, म्हणूनही असेल. मी विचारायचा प्रयत्न केला, तिनं मला आणखी एक वडी दिली.

पण एक नारळ तिनं ठेवलाय. नव्या खणात बांधून, आता पलंगाखाली नाही, वर, मशीनच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा. जाऊ म्हणते, "बघा, नातू येणार पुढे." पुतण्या म्हणतो, "पिन टोचायला ठेवला असेल." काका म्हणतात, "विसरली असेल." मी रोज त्या नारळाकडे बघते आणि रोज मला वेगळंच वाटतं. दुसरं हवंय, पण कधी? की आता कोणी विचारलं तर दाखवायला ठेवलाय, की हे माझं आहे, मी ठरवीन? मी हात लावला की ती लगेच वर बघते, मान फिरवलेली असली तरी.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, ऑपरेशन झालं नाही. बाकी काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. तू म्हणाली होतीस ना, तुमच्या ऑफिसात त्या हातांच्या भाषेचा क्लास लागलाय? मग फोनवर काय विचारतेस मला? शिकून घे थोडं, आणि ये. मला नाही, तिला विचार, तिच्याच हातांनी. आणि तिलाही शिकव काही, आमच्या नारळ-पाळण्यावर किती दिवस भागवेल ती? मी बाजूला बसून नुसती बघेन, मधे तोंड घालणार नाही, शप्पथ. नारळ वाळायच्या आत ये गं. वड्या डब्यात तुझ्या वाटच्या ठेवल्या होत्या, त्या तर मी काल संपवल्या, पण नव्या करू.